देवाला न चालणारी बोगनवेल

आमच्या सोसायटीत सकाळी सहालाच फुलांची लूट सुरू होते. जास्वंद, तगर, प्राजक्ताचा सडा, सगळं फिरायला निघालेल्या आजी-आजोबांच्या पिशव्यांत जातं. वॉचमनही काही बोलत नाही; देवासाठी तोडलं की चोरी होत नाही, असा मुंबईचा अलिखित कायदा आहे. कुंपणावरच्या बोगनवेलीला मात्र कुणी हात लावत नाही. वास नाही, देवाला चालत नाही, वर काटे. शिवाय तो गुलाबी रंग फुलांचा नाहीच, पानांचा आहे. खरं फूल आत, पांढरं, चिमुकलं. पाणी जरा कमी पडलं की ही जास्तच फुलते, म्हणून हायवेच्या दुभाजकावर, धुरात आणि उन्हात, तिचीच वर्णी लागते.

मूळची ती दक्षिण अमेरिकेची. १७६७ साली बुगेनव्हील नावाच्या फ्रेंच कप्तानाच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या मोहिमेतली जहाजं रिओला थांबली असताना मोहिमेतला वनस्पतीशास्त्रज्ञ फिलिबेर कॉमेर्सों याने तिचे नमुने गोळा केले आणि वेलीला कप्तानाचं नाव दिलं. साहेबाला खूश ठेवायची कला जुनीच.

पण कॉमेर्सोंचा पाय तेव्हा फार दुखत होता. त्यामुळे डोंगर चढून वेल आणली ती त्याच्या नोकराने, असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. हा नोकर म्हणजे झान बारे. बाई! फ्रेंच आरमाराच्या जहाजावर बायकांना बंदी, म्हणून छाती कापडाने आवळून, पुरुषी कपडे घालून ती चढली होती. आपल्याला लोकलच्या गर्दीत तासभर उभं राहिलं तरी जीव नकोसा होतो. ही महिनोन् महिने शंभरेक पुरुषांत, त्याच बोटीवर. दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या मॅजेलन सामुद्रधुनीच्या बर्फाळ डोंगरांत कॉमेर्सोंबरोबर शिधा, शस्त्रं आणि वनस्पतींच्या वह्या तिनेच वाहिल्या, आणि हे खुद्द बुगेनव्हीलने कौतुकाने लिहून ठेवलंय. १७६८ मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटावर तिचं बिंग फुटलं. पुढे मॉरिशसमार्गे ती फ्रान्सला परतली तेव्हा पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली होती. ढोलताशे कुठले! १७८५ साली आरमाराने वर्षाला दोनशे लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) पेन्शन मात्र दिलं. सरकारी काम, तिथेही.

कॉमेर्सोंचं नाव आज सजीवांच्या सत्तरहून अधिक जातींना आहे. त्याने एका झाडाला झानचंही नाव द्यायचं ठरवलं होतं, पण त्या झाडाचं बारसं आधीच दुसऱ्या नावाने उरकलेलं निघालं. मला कॉमेर्सोंचा राग येत नाही. निदान त्याने मनात तरी आणलं. बाकीच्यांना दोनशे वर्षं सुचलंही नाही.

शेवटी २०१२ साली इक्वाडोर आणि पेरूच्या डोंगरात सापडलेल्या एका वेलीला तिचं नाव मिळालं, सोलॅनम बारेशिए. कूळ आपल्या वांग्या-बटाट्याचं. आणि त्या देशांत बाईंनी कधी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं.