बॅग आली नाही

आमच्या फुटबॉल क्लबात मॅचला कोणते अकरा उतरणार हे कोचनंतर सगळ्यात आधी मला कळायचं. त्यात माझं मोठेपण काही नाही. ड्रेसिंग रूममध्ये जर्सी लटकवायच्या असतात आणि पहिल्या अकरा कुठल्या खुंट्यांना लावायच्या हे कुणीतरी किटमनला सांगावंच लागतं. खेळाडू आत शिरले की आधी भिंतीकडे बघतात, मग माझ्या तोंडाकडे. बाहेर बसणाऱ्याला वाटतं की मीच त्याला बाहेर बसवलंय.

कागदोपत्री माझं पद 'किट मॅनेजर'. मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पेठेच्या टीमचे कपडे धूत, लिंबूपाणी ढवळत मोठा झालो आणि तिथून आय-लीग या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेतल्या एका क्लबात शिरलो. क्लबचं नाव घेत नाही, तिथल्या लोकांशी अजून बोलणं-चालणं आहे. हे काम म्हणजे फक्त इस्त्री आणि धुणं असा लोकांचा समज असतो. धुणं आहेच. पण कुणाला पायाची बोटं कापलेले मोजे लागतात, कुणाला थंडी नसली तरी फुल बाह्याच हव्यात, एक परदेशी स्ट्रायकर तर नवी जर्सी एकदा धुतल्याशिवाय अंगाला लावायचा नाही. शिवाय एक बिननंबरची जर्सी कायम जवळ ठेवायची. कपड्यावर रक्त असेल तर रेफ्री खेळाडूला खेळू देत नाही, आणि डोकं फुटलेला माणूस टाके घालून येईपर्यंत कुठला नंबर लागेल ते आधी कुणाला ठाऊक?

ऐझॉलची मॅच सोमवारी दुपारी दोनला होती. मिझोराममध्ये रविवारी मॅच नसते. रविवारी तिथे काहीच नसतं, चर्च सोडून. हे मला ऐकून माहीत होतं. पण त्याचा अर्थ काय होतो ते तिथे जाऊन कळलं.

शनिवारी मुंबईहून कोलकाता, तिथून ऐझॉलजवळचं लेंगपुई. डोंगराचं डोकं कापून बांधलेला विमानतळ, दोन्ही टोकांना दरी. उतरल्यावर इनर लाइन परमिटची, म्हणजे बाहेरच्यांना राज्यात शिरायला लागणाऱ्या परवान्याची रांग. ती उरकून बेल्टपाशी आलो तेव्हा आमच्या बॅगा फिरत होत्या. ट्रेनिंगची बॅग आली, बुटांची आली, बॉल आले, फिजिओचं टेबल आलं, गोलकीपरचं सामान आलं. मॅचच्या जर्सी, चड्ड्या आणि मोजे असलेली मोठी निळी बॅग काही आली नाही. काउंटरवरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, विमानाचं वजन जास्त झालं म्हणून काही नग कोलकात्यात उतरवलेत, उद्याच्या फ्लाइटने येतील.

रविवारी सकाळपासून ढग दरीत बसून होते. उद्याची फ्लाइट आली नाही.

आता कुणी म्हणेल, जादा सेट नव्हता का? नव्हता. आमच्यासारख्या क्लबात प्रत्येकाला मोसमाला दोन सेट मिळायचे, एक घरचा, एक बाहेरचा. मॅचनंतर समोरच्याशी जर्सी बदलली तर पैसे पगारातून कापायचे. टीव्हीवर युरोपातले खेळाडू हसत हसत जर्सी बदलताना बघून आमचे अकाउंटंट अस्वस्थ व्हायचे. आणि दोन्ही सेट त्या निळ्या बॅगेत होते, कारण आमच्या बाहेरच्या जर्सीचा रंग ऐझॉलच्या लाल रंगाला पुरेसा वेगळा दिसतो का, ते ऐनवेळी ठरवायचं होतं.

आमचा लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, ऐझॉलचाच पोरगा. भारतातल्या कुठल्याही क्लबात बघा, एखादा तरी मिझो सापडतो. तळहाताएवढं राज्य, पण फुटबॉलपटू पिकतात. तो रविवारी सकाळी घरच्यांबरोबर चर्चला निघाला होता. मी त्याला लॉबीत गाठलं. म्हटलं, "नंबर छापणारा कुणी आहे का इथे?"

"आहे भैया. पण आज नाही उघडणार."

"दुप्पट पैसे देऊ."

तो हसला. ते हसू मला लागलं, खरं सांगतो. पैशाचा प्रश्नच नव्हता तिथे. मी खिडकीतून बघितलं, डोंगरउतारावर अख्खं शहर घरांवर घरं रचल्यासारखं, आणि सगळी शटर खाली. रस्त्यावर माणसं होती, सुटाबुटातली, बायका त्यांच्या पुआन नावाच्या विणलेल्या वस्त्रात, हातात बायबल. गाडीचा हॉर्न नाही. एरवीही तिथे हॉर्न वाजवत नाहीत म्हणा. एका रांगेत गाड्या उभ्या राहतात आणि कुणी मध्ये घुसत नाही, हे पाहून आमचा मुंबईचा गोलकीपर दोन दिवस अस्वस्थ होता.

लेफ्ट बॅक दुपारी परतला तो निरोप घेऊन. चर्चमध्ये छपाईवाला त्याला भेटला होता. त्याचं म्हणणं, रविवार मध्यरात्री संपतो. चार वाजता दुकान उघडतो, टी-शर्ट धुऊन, पूर्ण वाळवून आणा. ओला कपडा प्रेसखाली चालणार नाही.

टी-शर्ट म्हणजे आमचे आकाशी रंगाचे ट्रेनिंगचे टी-शर्ट. एकाच रंगाचे, सगळ्यांच्या मापाचे, तेवढेच आमच्याकडे होते. आणि ते त्याच दिवशी सकाळच्या सरावात घामाने भिजलेले. हॉटेलची लॉन्ड्री अर्थातच बंद. मी आणि फिजिओने मिळून बाथरूममध्ये बादल्या लावल्या. असल्या कपड्याला सुगंधी सॉफ्टनर कधी घालायचा नसतो. त्याचा थर बसतो, कपडा घाम ओढेनासा होतो आणि वर काही चिकटतही नाही. साध्या पावडरीत धुतले, मग वाळवायचं संकट. बाहेर धुकं. खोलीत पंखा, दोन हेअर ड्रायर आणि आमच्या टीम मॅनेजरने आपल्या खोलीतून दिलेला हीटर. पडद्याच्या दांड्यावर, खुर्च्यांच्या पाठीवर, टीव्हीवर, सगळीकडे आकाशी टी-शर्ट.

संध्याकाळी मॅच कमिशनरची, म्हणजे मॅचवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याची मीटिंग हॉटेलातच झाली. या मीटिंगला दोन्ही टीम आपापले कपडे टेबलावर मांडतात. खेळाडूंचे रंग, दोन्ही गोलकीपरचे रंग, रेफ्रीचा रंग, कोणी कोणात मिसळायला नको. मी टेबलावर एक ओलसर ट्रेनिंग टी-शर्ट ठेवला. कमिशनरने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

ऐझॉलचा किटमन माझ्या बापाच्या वयाचा, बारीक अंगाचा, डोक्यावर लोकरी टोपी. माझ्यासारखीच त्याची हिंदी मोडकी. त्याने आपल्या टीमच्या बाहेरच्या पांढऱ्या जर्सी देऊ केल्या, अख्खा सेट. तसं पाहिलं तर हे वर्ल्डकपमध्येही घडलंय. 1978 साली अर्जेंटिनात फ्रान्स आणि हंगेरी दोघेही पांढरे कपडे घेऊन आले, आणि फ्रान्सने किंबर्ली नावाच्या तिथल्या एका क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या जर्सी उसन्या घेऊन मॅच खेळली. जिंकलीसुद्धा, 3-1. मी ही गोष्ट तिथे सांगितली. कोच म्हणाला, "ते तिसऱ्याच्या जर्सीत खेळले. मी समोरच्याच्या बिल्ल्यात टीम उतरवणार नाही." यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

कमिशनरने मान्यता दिली ती अशी: ट्रेनिंगचे टी-शर्ट चालतील, पाठीवर नंबर पक्का आणि दुरून वाचता येईल असा हवा, चड्ड्या सगळ्यांच्या सारख्या, मोजे सगळ्यांचे सारखे, आणि हे सगळं रिपोर्टमध्ये जाईल. काळ्या चड्ड्या होत्या. मोजे मात्र आमच्या पोरांचे नाना रंगांचे. म्हातारा उठून गेला आणि तासाभराने पांढऱ्या मोज्यांच्या जोड्यांची पिशवी घेऊन आला. मोज्यांवर लावायची पट्टीही त्याच रंगाची लागते. आमच्याकडची निळी होती. फिजिओची पांढरी टेप कामाला आली.

चार वाजता दुकानाचं शटर वर गेलं. दहा बाय दहाची जागा, एक कटिंग मशीन, एक हीट प्रेस, भिंतीवर शाळांच्या आणि चर्चच्या टीमचे टी-शर्ट. दुकानदाराने आधी चहा ठेवला आणि मग कामाला लागला. पांढऱ्या व्हिनाइलच्या शीटवर मशीन आकडे कापतं, पण नको असलेला भाग हाताने, चिमट्याने सोलून काढावा लागतो. 1 आणि 7 चुटकीसरशी होतात. 4 ला एक भोक, 8 ला दोन. 18 नंबरवाला आमच्याकडे राखीव होता, पण वेळ त्यानेच सगळ्यात जास्त खाल्ला. टी-शर्ट पसरायचा, मापपट्टीने मध्य काढायचा, आकडा ठेवायचा, वर बटर पेपर, दांडा खाली, मोजून पंधरा सेकंद. मग गार होऊ द्यायचं आणि कडेपासून हळू प्लास्टिक ओढायचं. पहिला 9 निघाला तेव्हा मी तो खिडकीपाशी नेऊन ताणून पाहिला. पक्का वाटत होता.

दुकानदाराला म्हटलं, एक-एक आकडा जादा कापून दे. त्याने विचारलं नाही का म्हणून. किटमनने नेहमी जादा मागायचं असतं हे कुठल्याही देशात सांगावं लागत नाही. उजाडलं तेव्हा खालच्या बाजारात भाजीवाल्यांची लगबग सुरू झाली होती. सोमवारी ऐझॉल लवकर उठतं.

मुआलपुईचं राजीव गांधी स्टेडियम डोंगराच्या कुशीत आहे, मैदान कृत्रिम गवताचं. लाल कपड्यातले लोक मॅचच्या बऱ्याच आधीपासून गात होते. 2017 साली ऐझॉलच्या क्लबने आय-लीग जिंकली, तीही आदल्या मोसमात खाली घसरलेला असताना. तेव्हापासून तिथल्या लोकांना अशक्य वगैरे काही वाटत नाही. आमची पोरं आकाशी ट्रेनिंगच्या टी-शर्टात वॉर्मअपला उतरली. मग आत येऊन, कोरडे होऊन, पुन्हा बाहेर पडली तीही आकाशी टी-शर्टातच. प्रेक्षकांना वाटलं असेल की कपडे बदलायचं विसरले.

पूर्वार्धात आम्ही एक गोल मारला. त्या परदेशी स्ट्रायकरनेच, डोक्याने.

हाफटाइमला दारात आमचा मॅनेजर निळी बॅग ओढत आला. ढग हलले होते, दुपारची फ्लाइट उतरली होती आणि टॅक्सीवाल्याने तासाभराचा वळणाचा रस्ता कसा कापला ते त्यालाच ठाऊक. बॅगेवरचं सील तसंच होतं. कोचने माझ्याकडे बघितलं, मी बॅगेकडे. स्ट्रायकर बाकावरून म्हणाला, "नो, नो. दिस वन." एकाने म्हटल्यावर सगळेच नको म्हणायला लागले. आघाडीवर असताना कोण कपडे बदलणार? मला रेफ्रीकडे परवानगी मागायची वेळच आली नाही. रात्रभर जिच्यासाठी जीव टांगणीला लावला ती बॅग कोपऱ्यात पडून राहिली आणि त्यावर राखीव खेळाडूंनी पाय ठेवले.

उत्तरार्धात पाऊस आला. सत्तराव्या मिनिटाच्या आसपास चौथ्या अधिकाऱ्याने, म्हणजे रेषेबाहेर उभ्या असलेल्या रेफ्रीच्या मदतनिसाने, मला खूण केली. आमच्या सेंटर बॅकच्या पाठीवरच्या 4 चं शेपूट सुटून फडफडत होतं. कुणीतरी त्याचा टी-शर्ट ओढून धरला असणार. रेफ्रीने त्याला बाहेर काढलं.

राखीव, बिननंबरचा टी-शर्ट माझ्याकडे होता, जादा 4 होता, हॉटेलची इस्त्री होती. हीट प्रेस अर्थातच नव्हती. मॅचची जर्सी बॅगेत होती, पण दहा जणांचा एक रंग आणि एकाचा दुसरा, हे चालत नाही. ड्रेसिंग रूममध्ये फिजिओच्या टेबलावर टॉवेल, त्यावर टी-शर्ट, आकडा, बटर पेपर, आणि मी इस्त्रीवर अंगाचा सगळा भार टाकून उभा. सेंटर बॅक उघड्या अंगाने शेजारी थयथयाट करतोय, "भाई, जल्दी, कॉर्नर है." इस्त्रीला घाई चालत नाही. मी तोंडाने आकडे मोजत होतो. बारापर्यंत पोहोचलो आणि वरून जो आवाज आला त्यावरून दोघांनाही कळलं. तो एक शिवी हासडून गप्प झाला. मी पंधरापर्यंत मोजलं, प्लास्टिक ओढलं, टी-शर्ट त्याच्या डोक्यातून घातला.

मॅच 1-1 सुटली. त्या मैदानावर एक गुण म्हणजे आमच्यासाठी बरंच होतं. कोचने त्या कॉर्नरबद्दल बचावफळीला झाडलं, मला एक शब्द बोलला नाही. त्याचा मला आजतागायत त्रास होतो. बोलला असता तर मीही दोन शब्द बोललो असतो.

मॅच संपल्यावर कुंपणापाशी एका पोराने स्ट्रायकरकडे 9 नंबरचा टी-शर्ट मागितला आणि त्याने तिथल्या तिथे काढून दिला. मी काही म्हणालो नाही. म्हाताऱ्या किटमनने जाताना माझा हात दोन्ही हातांत धरला. मी लेफ्ट बॅककडून शिकून घेतलेलं 'का लॉम ए' म्हटलं, आभार म्हणून. त्याला ते कितपत समजलं कोण जाणे, पण तो खूप हसला.

परतल्यावर अकाउंट्सकडून पत्र आलं. छपाईच्या पावतीवर जीएसटी नंबर नाही, सबब रक्कम मंजूर नाही. एक ट्रेनिंग टी-शर्ट कमी भरतोय, खुलासा करावा. हीटरमुळे हॉटेलने लावलेलं जादा वीजबिल कुणाच्या नावावर टाकायचं तेही कळवावं. छपाईचे पैसे मी आणि मॅनेजरने निम्मे-निम्मे भरले. मोजे धुऊन, जोड्या लावून ऐझॉलला परत पाठवले. कुरिअरची पावती मात्र मंजूर झाली. तिच्यावर जीएसटी नंबर होता.