मायोर्कातला जल्लाद

मायोर्का या स्पॅनिश बेटावर लोक समुद्रासाठी जातात. मला मात्र तिथली एक गुहा बघायची होती, आणि तीही १९६३ सालच्या एका कृष्णधवल स्पॅनिश सिनेमापायी. लुईस गार्सिया बर्लांगाचा ‘एल बेर्दुगो’, म्हणजे जल्लाद. आपल्याकडचे फिल्म सोसायटीवाले स्पेन म्हटलं की दिग्दर्शक बुन्युएलपाशी थांबतात, त्यामुळे हा सिनेमा पाहिलेला माणूस भेटणं मुश्कील. बायकोनेही पाहिला नव्हता. पाल्माहून पोर्तो क्रिस्तोच्या बसमध्ये बसल्यावर मी तिला गोष्ट सांगायला घेतली.

“अरे, लोक इथे हनीमूनला येतात आणि तू जल्लादाचं काय काढलंस?”

सिनेमात नेमकं तेच आहे. होसे लुईस हा माद्रिदमधला साधा तरुण, अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या कंपनीत नोकरीला. त्या धंद्यामुळे त्याला कुणी मुलगी देत नाही. तुरुंगातून एक मृतदेह आणताना त्याची गाठ अमादेओ नावाच्या म्हाताऱ्या जल्लादाशी पडते. म्हाताऱ्याची हत्यारांची बॅग गाडीत राहते, ती परत द्यायला हा घरी जातो. तिथे जल्लादाची मुलगी कार्मेन. बाप काय करतो ते कळलं की तिचीही स्थळं पळतात. दोघांचं जमतं, दिवस राहतात, लग्न होतं. अमादेओला सरकारकडून नवाकोरा फ्लॅट मंजूर झालेला असतो, पण निवृत्ती तोंडावर आलेली. फ्लॅट टिकवायचा तर घरात सरकारी नोकर हवा. मग जावयानेच अर्ज करावा! कुणाला शिक्षा होणार आहे एवढ्यात, आणि झालीच तर माफी येते, नाहीतर ऐनवेळी राजीनामा देता येईल, असं सासरा समजावत राहतो. अनुकंपा तत्त्वावरची नोकरी आणि क्वार्टर या दोन गोष्टी ज्याने घरात अनुभवल्यात, त्या मराठी माणसाला ही पटकथा समजवायला लागत नाही.

पत्र येतं, कामगिरी पाल्मा दे मायोर्काला. सगळं कुटुंब सहलीला निघाल्यासारखं निघतं.

बस मानाकोरला थांबली. राफाएल नदालचं गाव म्हणून बायको खिडकीला चिकटली. सिनेमाचा धागा तिथे तुटला, तो पोर्तो क्रिस्तोला उतरेपर्यंत जुळला नाही.

द्राक गुहेत ठरलेल्या वेळेला गटागटाने सोडतात. बाहेरच्या कडक उन्हातून आत गेलं की दमट ऊब अंगाला चिकटते. छतातून चुनखडीच्या हजारो सुया लोंबतात. गर्दी इतकी की थांबून बघायची सोय नाही, मागचा माणूस पुढे ढकलतो. सर्वांत खाली मार्टेल तळं. १८९६ मध्ये गुहा धुंडाळणारा फ्रेंच शोधक एदुआर-आल्फ्रेद मार्टेल, त्याचं नाव दिलंय. लांबी पावणेदोनशे मीटरच्या आसपास. काठावर बाकांच्या रांगा. सगळे बसले की दिवे जातात, फोटो काढायला बंदी, आणि अंधारातून दिव्यांनी रेखलेल्या होड्या वादक घेऊन सरकत येतात. व्हायोलिन, चेलो, हार्मोनियम. १९३५ पासून हे चालू आहे. थोडं नाटकीच, पण ऑफेनबाखची बार्कारोल, म्हणजे नावाड्यांच्या गाण्याच्या चालीची धून, सुरू झाली तेव्हा आजूबाजूची पोरंसुद्धा गप्प होती.

सिनेमात होसे लुईस बायकोला घेऊन याच बाकांवर बसलेला असतो. संगीत चालू असताना एक होडी येते, तिच्यात ‘ग्वार्दिया सिविल’ या स्पॅनिश पोलीस दलाचे शिपाई, तकतकीत काळ्या टोप्या घातलेले. भोंग्यातून त्याच्या नावाचा पुकारा होतो. पर्यटक बघत राहतात. मी अंधारात बसून पुढची होडी कधी येते याची वाट बघत होतो आणि मलाच हसू येत होतं. हा प्रसंग भयंकर आहे की विनोदी, हे ठरवायला बर्लांगा वेळच देत नाही.

त्यानंतरचं दृश्य तुरुंगातलं. रिकामी, प्रचंड, पांढरीफटक खोली. पुढे कैदी शांतपणे चालतो, मागून जल्लादाला धरून, ओढत नेतात. कल्पना हवेतली नव्हती. १९५९ मध्ये वॅलेन्सियात पिलार प्रादेस या बाईला मृत्युदंड देताना खऱ्या जल्लादाची अशीच अवस्था झाली होती. साधन होतं गॅरोट: गळ्यात लोखंडी पट्टा आणि मागून पिळायचा स्क्रू. सेन्सॉरने बॅगेतल्या लोखंडाचा खणखणाटही काढायला लावला.

बर्लांगाला हे जवळून ठाऊक असणार. यादवी युद्धानंतर, जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, त्याच्या रिपब्लिकन, म्हणजे हरलेल्या बाजूच्या वडिलांना मृत्युदंड झाला होता. तो टळावा या आशेने मुलगा हिटलरच्या बाजूने रशियात लढायला गेलेल्या स्पॅनिश तुकडीत भरती झाला. वडील वाचले. नको ते काम घरच्यांसाठी अंगावर घेणारा होसे लुईस म्हणूनच इतका खरा वाटतो, असं आपलं माझं मत.

ऑगस्ट १९६३ मध्ये माद्रिदला दोन अराजकवाद्यांना गॅरोटने मारलं आणि काही दिवसांतच हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात लागला. रोममधला स्पॅनिश राजदूत खवळला, समीक्षकांनी बक्षीस दिलं. गॅरोट मात्र १९७४ पर्यंत वापरात राहिला.

तळं ओलांडायला पूल आहे आणि होडीही. आम्ही होडीची रांग धरली. बाहेर येऊन बंदरावर कॉफी घेताना बायकोने धागा परत उचलला. “मग शेवटी करतो का तो?”

“करतो. पुन्हा कधी करणार नाही म्हणतो. सासरा म्हणतो, पहिल्या वेळी मीही असंच म्हणालो होतो.”

“आणि फ्लॅट?”

“राहतो की त्यांच्याकडेच.”