खिडकी अडवून बसलेला डबा

मे महिन्यातली दुपार. गोव्यात फोंड्याकडच्या जुन्या घरांत जेवणं उरकून सगळे आडवे झालेले असतात, आणि एखाद्या खिडकीत सुपातल्या सोलांशेजारी सिम कार्डावर घरभर नेट देणारा राउटर लुकलुकत असतो. सूप कुणीही सरकवावं. राउटर वीतभर हलला की आतून हाक येते, ‘कोणी हात लावला?’

फायबर वाड्यापर्यंत आलेलं नसतं, म्हणून हा पाहुणा घरचा होतो. आणि आपली जागा तो स्वतःच ठरवतो. चिऱ्याची जाड भिंत पावसात पाणी पिते तसा सिग्नलही पिते, त्यामुळे मधल्या खोलीत, टीव्हीखाली, शोभेला ठेवलेला राउटर नुसता दिवे दाखवतो.

जागा शोधायची ती सिग्नलच्या दांड्या मोजून नव्हे. राउटरमध्ये घालायचं तेच सिम फोनमध्ये घालावं, सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये सिम स्टेटस उघडावं आणि तिथला सिग्नलचा आकडा (डीबीएम) बघत ओसरी, राजांगण, माळा असं फिरावं. आकडा डोलत असतो, म्हणून प्रत्येक जागी दोन मिनिटं थांबावं. उणे ८५ म्हणजे छान, उणे १०० चालून जातं, उणे ११५ म्हणजे देवाक काळजी.

पण खरी मेख पुढेच. आकडा झकास आणि नेट रडतं, असंही होतं. दोन टॉवर सारख्याच जोराने ऐकू येत असले की त्यांचा गलका होतो. ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या राउटरच्या पानावर एसआयएनआर नावाची ओळ असते, सिग्नल गलक्याच्या किती वर आहे ते सांगणारी; ती बघावी. १३ च्या वर असेल तर उत्तम, शून्याखाली गेली तर भरल्या दांड्यांनाही अर्थ नाही. अशा वेळी मागीलदारची, कमी सिग्नलची पण शांत खिडकी जास्त वेग देते. लोकांना हे पटत नाही. बँडचंही, म्हणजे टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्या पट्ट्याचंही, तसंच: ८५० मेगाहर्ट्झ भिंतीतून आत येतो, पण वाट अरुंद, २३०० ची वाट रुंद, पण चिऱ्यापुढे तो हात टेकतो.

दूरदर्शनच्या दिवसांत एक जण छपरावर अँटेना फिरवायचा आणि खालून ओरडा व्हायचा: ‘आलं! आलं! गेलं!’ ती अँटेना आता पुन्हा आली आहे. काही राउटरांना मागे बाहेरची अँटेना जोडायला दोन एसएमए सॉकेट असतात; दोन्ही जोडावीत, एकच जोडून भागत नाही. मात्र पातळ केबल दहा मीटर ओढली की अँटेनाने कमावलेलं केबलच खाते. त्यापेक्षा राउटरच माळ्यावर न्यावा आणि खाली लॅनची वायर सोडावी; १०० मीटरपर्यंत तिची तक्रार नसते. फक्त कौलांना चिकटवून ठेवू नये, मे महिन्यात दुपारी बारालाच तो तापून गप्प होतो.

कुळागरातली, म्हणजे घरामागच्या माडा-पोफळीच्या बागेतली, माकडं पणजीत बसून बघायची हौस असेल, तर कॅमेरा घेण्याआधी एक गोष्ट. मोबाइलच्या नेटवर एकच सार्वजनिक आयपी पत्ता अनेकांत वाटलेला असतो, त्यामुळे पोर्ट फॉरवर्ड करून बाहेरून आत शिरता येत नाही. कॅमेरा आपणहून क्लाउडवर जाणाराच हवा. रोज दोन जीबीचा प्लॅन असेल, तर तो कॅमेरा आणि विंडोजचं अपडेट मिळून संध्याकाळच्या आत सगळं फस्त करतात. मग ६४ केबीपीएसवर मध्यरात्रीची वाट. लॅपटॉपवर ‘मीटर्ड’ची, म्हणजे नेट मोजून मिळतं अशी, खूण केली तर निदान अपडेट तरी आवरतं.

चवथीला मात्र कुठलीच खूण चालत नाही. मुंबई-पुण्याची मंडळी गावात उतरते, टॉवर तोच, आणि घराघरांतून माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीचे, फोटो एकदमच निघतात. आकडा उणे ८५ वर स्थिर, नेट ठप्प. आरती तेवढी वेळेवर होते.

आता पावसाआधी सोलं भरली जातील. खिडकी मात्र मोकळी होणार नाही. झडीत खिडकीचं दार लावलं तर लाकूड भिजतं आणि आकडा घसरतो; उघडं ठेवलं तर डबा भिजतो. यंदा काय करायचं ते अजून कोणी ठरवलेलं नाही.