तुम्ही विचारलंत म्हणून: कोर्टात जिंकलेले चेरोकी देशोधडीला कसे लागले?

अमेरिकेचा पश्चिमेकडचा विस्तार शिकवायला घेतला की 'इंडियन रिमूव्हल ॲक्ट', 'नलिफिकेशन', 'ट्रेल ऑफ टिअर्स' हे शब्द मुलं भराभर वहीत उतरवतात. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "मॅडम, चेरोकी लोक सुप्रीम कोर्टात जिंकले होते ना? मग त्यांना घालवलं कसं?" मला वर्गात विचारल्या जाणाऱ्या सगळ्या प्रश्नांत हा सर्वांत मोलाचा वाटतो. चेरोकी म्हणजे जॉर्जिया आणि आसपासच्या भागातले अमेरिकेचे मूळ रहिवासी.

बहुतेकांना तोंडपाठ असलेलं उत्तर असं, की राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन सरन्यायाधीश मार्शलबद्दल म्हणाला, 'मार्शलनं निकाल दिलाय, आता त्यानंच तो अंमलात आणून दाखवावा.' तो असं म्हणाल्याचा त्या काळातला पुरावा नाही. हे वाक्य छापून आलं तीसेक वर्षांनी. शिवाय ते पटलं की सगळा दोष एका माणसाच्या मग्रुरीवर जातो. प्रत्यक्षात हे काम कायदे, सोडती आणि करार यांनी मिळून केलं.

चेरोकींनी तोवर काय केलं नव्हतं? इंग्रजी लिहिता-वाचता न येणाऱ्या सेक्वोयानं १८२१ च्या सुमारास त्यांच्या भाषेसाठी लिपी घडवली. आपल्या अक्षरांसारखी, एका खुणेत एक पूर्ण उच्चार. काही वर्षांतच हजारो माणसं लिहू-वाचू लागली. १८२७ मध्ये त्यांनी राज्यघटना लिहिली, १८२८ मध्ये न्यू एकोटा या आपल्या राजधानीहून दोन भाषांतलं वर्तमानपत्र सुरू केलं. जॉर्जिया राज्याला नेमकं हेच खुपत होतं, की ही माणसं इथं कायमची राहणार. त्यातच त्या डोंगराळ भागात सोनं सापडलं.

१८३० चा इंडियन रिमूव्हल ॲक्ट प्रतिनिधिगृहात १०२ विरुद्ध ९७ असा जेमतेम पार पडला. त्यात बळजबरीचा शब्दही नाही. करार करून मिसिसिपी नदीपलीकडची जमीन बदल्यात द्यायची, एवढाच अधिकार राष्ट्राध्यक्षाला मिळाला. म्हणजे चेरोकींची सही हवीच होती.

जॉर्जियानं दरम्यान फर्मान काढलं, की चेरोकी मुलखात राहणाऱ्या गोऱ्यांनी राज्याचा परवाना घ्यावा आणि निष्ठेची शपथ वाहावी. सॅम्युअल वूस्टर या मिशनऱ्यानं नकार दिला आणि त्याला चार वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याच्याच खटल्यात ३ मार्च १८३२ रोजी सरन्यायाधीश जॉन मार्शलनं निकाल दिला: चेरोकींच्या मुलखात जॉर्जियाचे कायदे चालणार नाहीत.

पण हुकूम होता तो वूस्टरची शिक्षा रद्द करण्याचा. जॉर्जियानं त्याला सोडलंच नाही, आणि कोर्टाचं पुढचं सत्र थेट जानेवारीत. मधल्या काळात दक्षिण कॅरोलिनानं केंद्राचा जकात कायदा आपल्या हद्दीत रद्दबातल ठरवला. हेच ते नलिफिकेशन. त्यावर जॅक्सन कडाडला, सैन्य पाठवण्याची भाषा झाली. अशा वेळी शेजारचं जॉर्जिया बंडखोरांना जाऊन मिळू नये, म्हणून वूस्टरचं प्रकरण मिटवण्याची धडपड सुरू झाली. माफी स्वीकारा म्हणून चहूबाजूंनी दबाव आला. जानेवारी १८३३ मध्ये तो सुटला आणि कोर्टापुढे अंमलबजावणीसाठी काही उरलंच नाही. पुस्तकांत हे दोन विषय दोन प्रकरणांत छापतात, म्हणून मुलांना त्यांचा संबंध दिसत नाही. मी ते एकाच तासाला शिकवते.

जॉर्जिया तर निकालाची पर्वा न करता जमीन वाटत सुटलं होतं. चेरोकी मुलखाचे १६० एकरांचे आणि सोन्याच्या पट्ट्यात ४० एकरांचे तुकडे पाडून सोडत काढली. चेरोकींचा प्रमुख जॉन रॉस १८३५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या वाटाघाटींहून घरी परतला, तर घरात सोडत लागलेल्याचा संसार मांडलेला. बायकामुलांना आधीच बाहेर काढलेलं.

राहिली सही. ती डिसेंबर १८३५ मध्ये न्यू एकोटाला मिळवली, ती रॉस आणि राष्ट्रीय परिषदेला बाजूला सारून, जाण्यातच शहाणपण मानणाऱ्या एका छोट्या गटाकडून. मोबदला ५० लाख डॉलर. रॉसच्या बाजूनं हजारो चेरोकींच्या सह्यांचे विरोधाचे अर्ज गेले, तरी सीनेटनं करार मंजूर केला. त्यासाठी दोनतृतीयांश मतं लागत होती. पडली ३१ विरुद्ध १५, म्हणजे एक मत फिरलं असतं तरी करार पडला असता. माझ्या मते चेरोकींचं भवितव्य त्या एका मतानं ठरलं. निकाल कुणी फाडला नाही, त्याच्यावर दुसरा कागद आणून ठेवला.

१८३८ च्या उन्हाळ्यात जनरल स्कॉटच्या सैनिकांनी माणसांना घराघरांतून काढून कुंपणबंद छावण्यांत कोंडलं. तिथं आणि आजच्या ओक्लाहोमाकडे नेणाऱ्या पुढच्या हिवाळी वाटेवर, म्हणजेच 'ट्रेल ऑफ टिअर्स'वर, मिळून सुमारे ४,००० जण दगावले असा अंदाज दिला जातो. रॉसची बायको क्वाटी त्यांतलीच एक.

आता मुलं हमखास पुढचं विचारतात, "मग तो निकाल वायाच गेला का?" नाही. ओक्लाहोमातले आदिवासी खटले लढताना आजही त्याचा आधार घेतात. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात मस्कोगी या तिथल्या दुसऱ्या आदिवासी समाजाच्या बाजूनं ५ विरुद्ध ४ असा निकाल लागला, तर २०२२ मध्ये तितक्याच मतांनी आदिवासी मुलखावरचा राज्याचा अधिकार वाढवला गेला. आणि न्यू एकोटाच्या त्याच करारात चेरोकींना प्रतिनिधिगृहात आपला प्रतिनिधी मिळण्याचं कलम आहे. २०१९ मध्ये चेरोकी नेशननं त्या जागेसाठी किंबर्ली टीही यांचं नाव दिलं, २०२२ मध्ये समितीपुढे सुनावणीही झाली. जागा अजून मिळालेली नाही.