समोरची खुर्ची

कोंकणकन्या दादरला पोचली तेव्हा अजून उजाडायचं होतं. लग्न दुसऱ्या दिवशी, त्यामुळे एक अख्खा दिवस हाताशी होता. आधी पाहुण्यांकडे जाऊन अंघोळ वगैरे उरकावी असं माझ्या मनात होतं. पण बाबा पिशवी खांद्याला लावून पुलाकडे चालूही लागले. "आधी ग्रँट रोड," म्हणाले. सत्तरीच्या माणसाला त्या पुलावरून असं झपाझप चालताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

ग्रँट रोडला पूर्वेला उतरलं की समोरच मेरवान. १९१४ पासूनचं इराणी हॉटेल. सकाळी मावा केकसाठी आलेल्यांची गर्दी होतीच, कुणी डझनभर बांधून घेत होतं, कुणी उभ्याउभ्याच चहा संपवून गाडी पकडायला पळत होतं. आम्हाला आत संगमरवरी टेबल मिळालं, म्हणजे अर्धं टेबल. उरलेल्या अर्ध्यावर एक गृहस्थ ब्रुन मस्का चहात बुडवून खात होते. बाबांनी त्यांना मान लवून नमस्कार केला, त्यांनीही केला. ओळख नाही, पाळख नाही. मग बाबांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि इतकंच म्हणाले, "चाय तशीच आसा."

बाबा गावाहून मुंबईला आले ते १९७४ साली. वय एकोणीस. गिरगावातल्या छापखान्यांतून काम विचारत फिरायचे आणि कुठेच जमत नव्हतं. अशाच एका सकाळी इथे चहा घेत असताना समोरच्या खुर्चीवर एक माणूस येऊन बसला. त्याच्या बोटांना काळी शाई होती. बाबांनी धीर करून विचारलं, "छापखान्यात असता का?" तो खिळे जुळवणारा, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं मांडणारा, निघाला. त्याच्या प्रेसमधला एक मुलगा नुकताच काम सोडून गेला होता. चहा संपवून दोघे बरोबरच निघाले आणि दुपारी बाबांच्या हातात खिळ्यांची पेटी होती. पुढची बत्तीस वर्षं त्यांनी छापखान्यातच काढली. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, पण ते टेबल, ती दोन हातांच्या अंतरावरची खुर्ची पाहिल्यावर ती मला खऱ्या अर्थाने कळली. जागा ऐसपैस असती तर तो माणूस समोर बसलाच नसता.

इराणातून, विशेषतः यझ्द भागातून, आलेल्या झोरोस्ट्रियन, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही हॉटेलं उभी केली. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा व्यापाराला शुभ नाही असं मानून इतर लोक ती घेत नसत, म्हणून ती इराण्यांना स्वस्तात मिळाली, असं सांगतात. खरं कारण काही असो, त्या कोपऱ्यांनी मुंबईचं भलं केलं. दोन रस्त्यांना दारं, उजेड, वारा आणि कुणीही आत यावं अशी मोकळीक. हमाल, वकील, नाटकवाला, आणि माझ्या बाबांसारखा खिशात मोजके पैसे असलेला पोरगा, सगळ्यांना तोच कप. मेरवानला शंभर वर्षं झाली त्याच २०१४ साली ते बंद होणार अशी बातमी आली होती, लोकांनी रांगा लावल्या होत्या. बाबांनी गावी पेपरात ते वाचलं आणि दोन दिवस धड जेवले नाहीत. नंतर दुरुस्ती होऊन ते पुन्हा उघडलं.

तिथून काळी-पिवळीने लालबागला. बाबा राहायचे ती गावकीची, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून ठेवलेली, खोली ज्या चाळीत होती, ती चाळ आता नाही. तिच्या जागी इतका उंच टॉवर आहे की बाबांना मान मागे टाकावी लागली. खोलीत वीस-बावीस माणसं, पाळीपाळीने झोपणारी, आणि त्या सगळ्यांचं जेवण त्याच मजल्यावरच्या एका मावशींकडे. दहा बाय दहाची खोली, दोन स्टोव्ह, एका पंगतीत सहा जण. पैसे एक तारखेला द्यायचे. बुधवार, शुक्रवार, रविवार मासळी. कुणी आजारी असला की मावशी न सांगता त्याला पेज वाढायच्या. हॉटेलचा इतिहास लिहिताना या खाणावळींना कुणी सहसा जागा देत नाही, आणि मला ते फार चुकीचं वाटतं. गिरणगाव या बायकांच्या हातचं जेवून उभं राहिलं. किराणा उधारीवर, वर सावकाराचं व्याज, अशी त्यांची कोंडी असायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेच्या कर्जाची वाट खुली करून दिली.

मावशी मात्र तिथपर्यंत पोचल्या नाहीत. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. वीस जेवणाऱ्यांपैकी पैसे देऊ शकणारे तीन उरले, बाबा त्यातले एक. मावशींनी पाटल्या गहाण टाकून चार महिने सगळ्यांना जेवू घातलं, मग खोली सोडून गावी गेल्या. टॉवरच्या फाटकाशी उभं राहून बाबा हे सांगत होते आणि मध्येच गप्प झाले. मी काही विचारलं नाही.

करी रोडहून गाडी पकडून माटुंग्याला उतरलो. स्टेशनजवळ, मंडईच्या वरच्या मजल्यावर, रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ चं. केळीचं पान, भात, सांबार, रसम, भाज्या, पापड. वाढणारे इतक्या लगबगीने फिरतात की पान रिकामं दिसतच नाही, आणि तरी कुणी कुणाला घाई करत नाही. इथेही जिथे जागा होईल तिथे बसायचं. माझ्या शेजारी बँकेतला एक तमिळ माणूस होता. रसम भातावर न घेता वाटीतून प्यायलं तर जास्त चांगलं लागतं, असं त्याने मला शिकवलं. अगदी खरं आहे.

गेल्या वर्षी एका मॉलमधल्या नव्या हॉटेलात आम्हा दोघांना पाऊण तास बाहेर उभं केलं होतं. आत चार-चार खुर्च्यांची टेबलं रिकामी दिसत होती. कुणाबरोबर बसू का, असं बाबांनी विचारलं, तर ते विचारणंच त्या मुलीला समजेना. जेवण चांगलं होतं. पण बाबांनी त्यानंतर तिथे यायचं नाव काढलं नाही, आणि आता मला त्याचं कारण माहीत आहे.

संध्याकाळी दादरला, शिवाजी पार्काजवळच्या प्रकाशमध्ये, साबुदाणा वडा आणि पियूष. वडा बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, दाण्याच्या कुटाची चव स्पष्ट. पियूष घट्ट, केशरी, थंडगार. हॉटेल खच्चून भरलं होतं. पाठीवर मोठी बॅग घेतलेला एक मुलगा दारातून आत पाहत उभा होता, आत यावं की नाही या विचारात.

"काका, इथे कुणी आहे का?"

"नाही रे, बस ना," बाबा म्हणाले. आपला पियूषचा ग्लास त्यांनी जवळ ओढून घेतला, माझी पिशवी टेबलाखाली सरकवली आणि विचारलं, "गाव कुठलं तुझं?"