आमच्या सेसनाचं ॲन्युअल: दोन आठवड्यांचे नऊ आठवडे

८ एप्रिल २०२४ ला दुपारी खग्रास सूर्यग्रहण आमच्या पश्चिम ओहायोवरून गेलं. आई सोलापूरहून आलेली होती. ग्रहण सुटेपर्यंत तिने तोंडात काही घातलं नाही, अंघोळ केली आणि मगच चहा घेतला. चहा पितापिता म्हणाली, "आता तुझ्या विमानातून एकदा फिरव, म्हणजे माझं सगळं बघून झालं." थंडीत मीच तिला बसवलं नव्हतं. छोट्या विमानात गारठा अंगात शिरतो आणि तिचे गुडघे दुखतात. एप्रिलअखेर हवा बरी होईल तेव्हा नेऊ, असं ठरलं होतं. तिचं परतीचं तिकीट २९ मेचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमान ॲन्युअलसाठी, म्हणजे वार्षिक तपासणीसाठी, एका दुरुस्तीच्या शॉपमध्ये नेऊन ठेवलं. "दोन आठवडे," असं त्यांनी सांगितलं. विमान परत माझ्या हँगरमध्ये आलं ११ जूनला. आई तेव्हा सोलापुरात होती.

हे लिहायला दोन वर्षं थांबलो, कारण आधी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता. राग अजून आहे. पण आता कुठे काय चुकलं तेही कळतं, आणि विमान घ्यायच्या विचारात असलेली मराठी मंडळी मला विचारत असतात, त्यांच्यासाठी लिहितो.

विमान सेसना १७२ एम, १९७५ सालचं. चार सीट, १५० अश्वशक्तीचं लायकमिंग इंजिन, वरती पंख. जगात या १७२ एवढं दुसरं कुठलंच विमान बनलेलं नाही, त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि त्यावर हात बसलेले मेकॅनिकही मिळतात. विकत घेणं, कर्ज, विमा, नावावर होणं हे सगळं मला काही त्रास न होता पार पडलं, त्यावर लिहिण्यासारखं नाही. अमेरिकेत अशा खासगी विमानाची दर बारा महिन्यांनी पूर्ण तपासणी करावी लागते, तिलाच सगळे ॲन्युअल म्हणतात. ती साध्या मेकॅनिकच्या सहीने होत नाही, त्याच्याकडे 'आयए' हा वरचा अधिकार असावा लागतो. मुदत महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत धरतात. माझं आधीचं ॲन्युअल एप्रिल २०२३ मधलं, म्हणजे ३० एप्रिल २०२४ पर्यंत उडायला मोकळीक. त्यानंतर सही नसेल तर विमान जमिनीवर.

आधीचं ॲन्युअल आमच्याच धावपट्टीवरच्या एका वयस्कर मेकॅनिकने केलं होतं. त्यांनी मला शेजारी उभं करून सगळं दाखवलं. सिलिंडरमध्ये ८० पौंड दाबाची हवा सोडतात आणि किती टिकते ते बघतात. माझे चार सिलिंडर ७६, ७४, ७५, ७२. कमी भरला तर हवा कुठून निसटते ते ऐकायचं: एक्झॉस्टमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेलाच्या तोंडातून आली तर रिंगा. तेलाची जाळी काढून पांढऱ्या फडक्यावर झटकायची आणि उन्हात धरायची, चमकणारा कण दिसतो का ते बघायला. त्यांची तब्येत बिघडली आणि २०२४ ला त्यांनी नवीन ॲन्युअल घेणं थांबवलं, म्हणून मी पंचवीस मैलांवरच्या त्या शॉपकडे गेलो.

पहिले दोन आठवडे काही कळलं नाही. फोन केला की "उघडलंय, बघतोय." २४ तारखेला मी स्वतः गेलो. विमानाच्या पोटाखालची झाकणं निघालेली, सीटा बाहेर काढून प्लास्टिकवर ठेवलेल्या, पंखांखालची तपासणीची गोल झाकणं एका डब्यात. कोणी हात लावल्याची खूण नव्हती. डब्यावर धूळ बसली होती. मी मालकांना विचारलं, तर म्हणाले मोठं काम आलंय, तुमचं पुढच्या आठवड्यात. ३० एप्रिल उलटला. आता मनात आलं तरी खास परवानगीशिवाय विमान तिथून उडवत आणता येणार नव्हतं. आई रोज सकाळी हवा बघायची आणि काही बोलायची नाही.

१३ मेला ईमेल आली. सतरा मुद्द्यांची यादी, शेवटी एकूण आकडा. त्यातला निम्म्याहून जास्त आकडा एकाच मुद्द्याचा: ऑटोपायलट.

माझ्या विमानात एक जुना, साधा ऑटोपायलट आहे. पंख सपाट ठेवतो, बाकी काही करत नाही. त्याची मोटर उजव्या पंखात आहे आणि तिची बारीक केबल एलेरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेची, विमान कलवणारी हलती पट्टी) केबलला चिमट्याने जोडलेली आहे. विमानात असा मोठा बदल केला की 'फॉर्म ३३७' भरावा लागतो: काय बसवलं, कोणत्या मंजुरीने बसवलं, कोणी तपासलं. एक प्रत मालकाकडे राहते. १९८३ च्या लॉगबुकात नोंद होती, "ऑटोपायलट बसवला, फॉर्म ३३७ पाहा." आणि तो फॉर्म माझ्या फाइलमध्ये नव्हता. शॉपचं म्हणणं, कागद नाही म्हणजे मंजुरी नाही. मोटर, केबल, वायरिंग सगळं काढायचं, विमानाचं वजन पुन्हा करायचं, मग सही.

त्यांचं मूळ म्हणणं खोटं नव्हतं. जी वस्तू एलेरॉनच्या केबलला लटकलेली आहे तिच्या कागदाशिवाय कोणी सही करू नये, हे मलाही पटतं. माझा राग दुसऱ्या गोष्टीवर आहे. ही गोष्ट लॉगबुक उघडल्यावर पहिल्या तासात दिसते. ती सांगायला पाच आठवडे लागले. आणि त्या फॉर्मची दुसरी प्रत कुठे असते हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला माहीत असतं, ते मला कोणी सांगितलं नाही.

मला सांगितलं आमच्या त्या वयस्कर मेकॅनिकने. त्यांना घरी फोन केला तर पहिलं वाक्य, "ओक्लाहोमाहून मागवलीस का?" फॉर्म ३३७ ची एक प्रत मालकाला देतात तशी एक ओक्लाहोमा सिटीला एफएएकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी विमान खात्याकडे, पाठवावी लागते. तिथे प्रत्येक विमानाची फाइल असते, कारखान्यातून निघाल्यापासूनची. थोडी फी भरली की कोणीही मागवू शकतो, मालकच असायला हवा असंही नाही. मी त्याच रात्री अर्ज केला. मागवताना दोन्ही भाग मागवा: एक मालकीचा, ज्यात आधीचे मालक आणि कर्जाचे बोजे दिसतात, आणि दुसरा विमानाच्या स्थितीचा. फॉर्म ३३७ या दुसऱ्यात असतात.

फाइल आली त्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून एकेक पान बघत होतो, आई समोर भाजी निवडत बसली होती. मध्येच तो फॉर्म आला. १९८३, टाइपरायटरवर केलेला, रिबीन जुनी असावी, कारण 'ओ' अक्षर प्रत्येक ठिकाणी भरलेलं होतं. मोटर उजव्या पंखात, मंजुरीचा क्रमांक, मोटरचा सिरियल नंबर, वाढलेलं वजन, तपासणाऱ्याची सही. मी ओरडलोच. आई म्हणाली, "सापडला?"

दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये जाऊन मी स्वतः टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन उजव्या पंखाच्या झाकणातून मोटरवरची पट्टी वाचली. नंबर जुळला. कागद त्यांच्या हातात दिला. मला वाटलं झालं. तर उत्तर मिळालं, "ठीक, पण आता तुमचा नंबर गेला, बाकीची कामं दोन-तीन आठवड्यांत करू."

इथे मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर आई उडाली असती. तपासणी आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासणाऱ्याला विमानात दोष आढळले, तर तो तपासणी पूर्ण झाल्याची नोंद लॉगबुकात करू शकतो आणि दोषांची सही-तारखेची यादी मालकाला द्यायला तो बांधील असतो. मग त्या यादीतले दोष दुसऱ्या कुठल्याही पात्र मेकॅनिककडून काढून घेता येतात. त्याच्याकडे आयए नसलं तरी चालतं. दोष निघाल्याची नोंद झाली की विमान उडायला मोकळं, ॲन्युअल पुन्हा करायची गरज नाही. म्हणजे दुरुस्ती आमच्याकडेच करा म्हणून तुमचं विमान कोणी अडकवून ठेवू शकत नाही. मी ही मागणी लेखी केली. शॉपला ती आवडली नाही आणि आणखी दिवस गेले. २९ मेला मी आईला विमानतळावर सोडलं. सिक्युरिटीच्या रांगेत वळून तिने हात केला, आणि परत येताना मला गाडी बाजूला घेऊन थांबावं लागलं.

३ जूनला यादी मिळाली. सतरा मुद्द्यांतले खरे दोष किती? तीन. बाकीचे चौदा "केलं तर बरं" या प्रकारचे. म्हणून सांगतो, यादी आली की पहिला प्रश्न हाच विचारा: यातल्या कुठल्या गोष्टींमुळे विमान उडायला अयोग्य ठरतं? प्रत्येक मुद्द्यापुढे हो की नाही लिहून मागा.

तीन दोष असे. विमान पडलं तर सिग्नल पाठवणाऱ्या इमर्जन्सी ट्रान्समीटरच्या बॅटरीची तारीख गेलेली, ही माझी चूक, तारीख वरच लिहिलेली असते. डाव्या चाकाच्या ब्रेकचं लायनिंग संपत आलेलं. आणि तिसरा, उजव्या पुढच्या सीटची रेल. सेसनाच्या सीटा जमिनीवरच्या रेलवर सरकतात, रेलमध्ये भोकं असतात आणि सीटची पिन त्यात बसते. भोक झिजून लांबट झालं की पिन निसटते. विमान नाक वर करून चढत असताना सीट मागे गेली, तर पायलट हातातलं चाक धरून मागे जातो आणि नाक आणखी वर जातं. यात माणसं मेलेली आहेत. एफएएचा त्यावर सक्तीचा आदेश आहे, २०११ चा आणि त्याआधीचेही. माझ्या उजव्या रेलचं एक भोक मर्यादेबाहेर झिजलेलं होतं. आई तिथेच बसणार होती. हे त्या शॉपने शोधलं, आणि त्याबद्दल मी त्यांना मान देतो.

उजवी सीट रिकामी ठेवून एकट्याने विमान आणायचं, म्हणून फेरी परमिट, म्हणजे एका उड्डाणापुरती खास परवानगी, काढलं. एफएएच्या जिल्हा कार्यालयाकडे अर्ज, कुठून कुठे आणि का, आणि विमान एवढ्या एका फेरीपुरतं सुरक्षित आहे अशी मेकॅनिकची नोंद. ती आमच्या वयस्कर मेकॅनिकने तिथे येऊन, सगळं बघून केली. परमिट लवकर मिळालं आणि कार्यालयातले गृहस्थ फार नीट बोलले. विमा कंपनीला आधी कळवा, फेरीसाठी वेगळी परवानगी लागू शकते.

दुरुस्तीतून आलेलं विमान पहिल्यांदा उडवताना कोणालाही सोबत घेऊ नका. मी त्या दिवशी बाहेरची पाहणी दोनदा केली. प्रत्येक झाकणाचे स्क्रू मोजले, टाक्यांखालून पेट्रोल काढून पाणी आहे का ते बघितलं. मग आत बसून हातातलं सुकाणूचं चाक डावीकडे फिरवलं आणि अंगठे वर केले. अंगठे ज्या बाजूला कलतात त्या बाजूचा एलेरॉन वर गेला पाहिजे. केबल उलटी जोडली गेल्याने विमानं पडली आहेत, आणि माझ्या एलेरॉनच्या केबलपाशी नुकतेच हात फिरले होते. वर गेल्यावर दहा मिनिटं धावपट्टीवरच घिरट्या घातल्या, इंजिन बंद पडलं तरी उतरता येईल एवढ्या अंतरात. मग घराकडे वळलो.

एक राहिलं. तेल मी स्वतः बदलतो, पायलट-मालकाला ते करता येतं, स्पार्क प्लग आणि टायरही. काय केलं, तारीख, सही आणि लायसन्सचा नंबर लॉगबुकात लिहायचा. जाळी असलेल्या इंजिनाला लायकमिंग २५ तास किंवा ४ महिने सांगतं, आणि कमी उडणाऱ्यांनी ते चार महिने पाळा. आणि लॉगबुकं शॉपमध्ये सोडताना प्रत्येक पानाचे फोटो घरी ठेवा. ती गेली तर विमानाची किंमत धपकन खाली येते. ओक्लाहोमाची फाइल तर विमान विकत घेण्याच्या आधीच मागवा, लॉगबुकातल्या नोंदींशी एकेक फॉर्म जुळवा, आणि जो सापडत नाही तो विकणाऱ्याला शोधायला लावा. मी तेव्हा इंजिन बघण्यात रमलो होतो.

नवी रेल आमच्या मेकॅनिकने बसवली. मी सीटवर बसून प्रत्येक भोकात पिन टाकून बघितली, मागे जोर देऊन. तेव्हापासून निघण्याआधी दोन्ही सीटांना तो हिसका मी देतोच. आई या एप्रिलमध्ये पुन्हा येते आहे. यंदाचं ॲन्युअल मी फेब्रुवारीतच उरकून घेतलं. मुदतीचे काही महिने बुडाले, बुडू देत.