सोयर

मंगळवार, रात्री साडेदहा

आज मंगळवेढ्याच्या काकूंनी फोनवर चांगलंच झाडलं.

पुतण्याला गुरुवारी मुलगी झाली. दवाखान्यातूनच मी ग्रुपवर फोटो टाकला, खाली 'लक्ष्मी आली'. अर्ध्या तासात अंगठ्यांची रांग लागली. मला वाटलं, झालं कळवून. पण काकूंकडं बटणाचा फोन. त्यांचा नातू ग्रुपात आहे, तो पुण्याला. त्यानं अंगठा दाबला आणि विसरला. काकूंना कळलं ते आज, दळण आणायला गेल्या तिथं, दुसऱ्याच कुणाकडून.

"आरं, पाच दिवस देवाला दिवा लावतीय मी! काल सोमवारी महादेवाला पाणीबी घालून आले. भावकीत सोयर हाय, एवढं तोंडानं सांगायला काय झालं तुला?"

मी सोयर-सुतक फारसं मानत नाही. पण हे काकूंना सांगायची माझी छाती नाही.

आजोबा इथं सोलापुरात जुन्या मिलमध्ये कामाला होते. त्यांच्यानंतर गावाकडं पत्रं लिहायचं काम वडिलांकडं आलं. पंधरा पैशांचं कार्ड असायचं. बातमी चांगली असली की कोपऱ्यांना हळदीकुंकवाची बोटं. वाईट असली की वरचा कोपरा फाडलेला. असलं कार्ड घरात न्यायचं नाही, उंबऱ्याबाहेरच वाचून फाडायचं आणि अंघोळीला जायचं. वाचता न येणाऱ्यालाही पोस्टमनच्या हातात बघूनच कळायचं. तार आली तर आजी आधी रडून घ्यायची, मग कुणीतरी ती वाचायचं. एकदा ती बदलीची निघाली, तरी डोळे पुसायला वेळ लागला. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, तेव्हा आजी नव्हती.

आमच्या ग्रुपवर मात्र बारसं काय आणि तेरावं काय, सगळं एकाच रांगेत. परवा एकानं श्रद्धांजलीखाली केक टाकला होता.

रागावून झाल्यावर काकूंचा आवाज मऊ झाला. "कुणावर गेलीय रं? कानाची पाळी कशी हाय? आपल्या घरातल्यांची गालाला चिकटल्याली असती."

मी फोटो उघडून बघितला. पोरीला टोपडं घातलेलं, कान आत. तीनदा दवाखान्यात जाऊन आलोय, पण कान बघितलाच नाही.

"उद्या बघून सांगतो, काकू."

"फोनच कर. आन् रविवारी येताना बर्फी आण, पेढं नको."